वळणावरचा दगड

“मग खोटं कोण, बाबा? दगडातला पट्टा, का माझा हात?”

असं विचारून रेवाराम कापगत्याने मोडक्या दगडाचे तुकडे अवचितबाबांच्या पुढ्यात आपटले.

बाबा मठाच्या पायरीवर बसून सुपात लाखोळीचे दाणे निवडत होते. त्यांनी एक खडा वेचला, उजेडात धरून पाहिला आणि अंगणात भिरकावला.

“हळू आपट,” ते म्हणाले. “मोडलेल्याले आणखी कायले मोडतोस?”

आत चुलीपाशी सयाबाई हसली. मठाचा स्वयंपाक तिच्याकडे आणि मठाची जीभही तिच्याकडेच. बाबा जेवढं बोलत नसत, तेवढं ती बोलून टाकी.

“उचल बाप्पा, उचल,” तिने आतून हाक दिली. “वाटेवर जागा ठेवली आहे तुझ्यासाठी. चांगली सावलीची आहे.”

ही जागेची गोष्ट अशी. वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या बांध्या संपतात, तिथं हा डोंगर उठतो. दगड निळसर काळा, पाटीचा. जाणत्या हाताने छिन्नी लावली तर वहीच्या पानासारखा उकलतो, नाही तर खापरासारखा मोडतो. उपदेश घ्यायला जो कुणी येई, त्याच्या कानात बाबा मंत्र सांगत नसत. हातात दगड देत. “उकल,” म्हणत. उकलला तर बसायला घोंगडी मिळे. मोडला तर तुकडे स्वतःच्या डोक्यावर वाहून वाटेवर बसवायचे. पायथ्यापासून मठापर्यंतची वाट उत्तम फरसबंद होती. येणारे पुष्कळ होते.

विहिरीच्या चढावर एका कीर्तनकाराचे तुकडे होते. त्याने दगडाच्या स्वभावावर आधी असं काही निरूपण केलं, की ऐकणाऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मग छिन्नी लावली. सयाबाई अजून पाणी भरायला जाताना बरोबरच्या बायांना सांगे, “जपून गं, इथं बुवा घसरले.”

पण रेवाराम काही कीर्तनकार नव्हता. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आंबेटोला आहे. तिथल्या उभ्या कड्याखाली त्याच्या बापाने पाट्या काढल्या आणि बापाच्या मांडीला मांडी लावून हा शिकला. पंचक्रोशीतल्या पोरांनी ज्या पाट्यांवर अ-आ-ई गिरवलं, त्यातल्या निम्म्या याच्या हातच्या. आपल्या मालाचं मोल पुरतं कळलेल्या माणसाची मान जशी असते, तशी याची मान. गिऱ्हाइकाने दगडावर बोट ठेवलं, तरी हा ‘हात धुतले का’ म्हणून विचारी.

आता आंबेटोल्याच्या नव्या शाळेला फळा हवा होता. भिंतभर, एकाच शिळेचा, सांधा नसलेला. कड्याखालचा दगड तडकलेला, तिथं एवढा तुकडा निघेना. मठाकडच्या अंगाला, डोंगर जिथं वळतो त्या माथ्याशी, एक निर्मळ प्रचंड दगड मठाच्या लोकांनी मोकळा केला होता. बाबांनी निरोप धाडला: उकलेल त्याचा.

रेवाराम चावडीवर सगळ्यांदेखत बोलून बसला, “फळा आणीन तर अखंड आणीन. नाही तर ही छिन्नी बाबांच्या पायाशी ठेवीन आणि पुन्हा दगडाले हात लावणार नाही.”

लोकांनी हार घातला. उद्या सकाळी बैलगाडी घेऊन तेच लोक येणार होते.

आणि त्याच माथ्यावरचे सरावाचे दगड, जे बाबांनी हाताला सवय व्हावी म्हणून दिले, ते एकामागून एक मोडत होते.

मोठा दगड अंगणाच्या कडेला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. वर घागरीतून पाणी ठिबकत होतं. पाटीच्या दगडातलं खाणीचं पाणी सुकलं की तो मुका होतो. मग कुणाचंही ऐकत नाही. थांबायला सवड नव्हती.

“बापाने एकच गोष्ट शिकवली जी,” रेवाराम म्हणाला. आवाज आता खाली आला होता. “पट्टा पाहा, छिन्नी लाव. काळा पट्टा, राखाडी पट्टा, त्यांच्या मधून जा. जन्मभर तेच केलं. एक पाटी वाया गेली नाही. इथं पट्टे उन्हासारखे स्वच्छ दिसतात, अन् दगड मोडतो.”

बाबांनी सूप खाली ठेवलं.

“पट्टे कुणी घातले?”

“घातले कुणी… असतात ते.”

“बोडीचा गाळ पाहिलास कधी? उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर?”

“पाहिला ना. एक थर काळा, एक थर रेतीचा. ज्या साली जसं पाणी आलं तसा.”

“हं.”

बाबा एवढंच म्हणाले. मग त्यांनी सयाबाईला हाक मारली आणि भिंत लिपायला तुडवलेली माती मागितली.

“भिंत अर्धी राहिली आहे,” ती म्हणाली. “एक पडवी उघडी आहे. तुमच्या उपदेशाने झाकणार का ती?”

पण टोपलं आणून ठेवलं.

बाबांनी ओढ्यातल्या अभ्रकाच्या मूठभर बारीक चकत्या मातीत टाकल्या. उन्हात ती चांदीसारखी चमचमली. रेवारामला म्हणाले, मळ. त्याने मळली. म्हणाले, थर लाव. त्याने एक थर काळ्या मातीचा, एक रेती मिसळलेल्या राखाडी मातीचा, पुन्हा काळा, असा जाड पोळ्यांचा ढीग रचला. आंबेटोल्याचा नावाजलेला कारागीर दुपारच्या उन्हात चिखलाशी खेळत होता. कान तापले होते.

सयाबाईने वाकून पाहिलं. तिच्या हातात हळदीची ओली गोळी होती. मस्करीत तिने ती अंगठ्याने ढिगाच्या मधोमध ढकलून दिली.

“घे. तुझ्या दगडाले हळद लागली. आता लग्न लाव.”

बाबांनी ती काढली नाही. त्यांनी ढिगाच्या दोन बाजूंना दोन फळकुटं उभी केली.

“दाब.”

“वरून?”

“दोन्हीकडून.”

रेवारामने एक फळकुट भिंतीला टेकवलं, दुसऱ्याला गुडघे लावले आणि दाबलं. चिखल इकडे तिकडे जायला पाहू लागला. फळकुटांच्या बाजूंना वाट नव्हती, म्हणून वर उठला. सपाट थर मधोमध फुगले, बैलाच्या वशिंडासारखे.

“आणखी.”

त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. श्वास लागला. बाबा मात्र निवांत लाखोळी निवडत होते.

“आणखी…”

शेवटी त्यांनी हात वर केला. तो गोळा उचलून चुलीच्या कडेला ठेवला.

“आत नको,” सयाबाईला म्हणाले. “भाजला तर वीट होईल. नुसती ऊब लागू दे.”

जेवणं झाली. गोळा वाळून घट्ट झाला, तेव्हा बाबांनी त्याच्या हातात घरातली सुरी दिली.

“पट्ट्यावर लाव.”

त्याने लावली. कोपरा भुगा होऊन पडला.

“आता?”

रेवाराम सुरी धरून थांबला. थरांच्या अंगाने जमलं नव्हतं. गोळा फिरवला. उजेडात धरला. फळकुटं जिथं टेकली होती त्या अंगाला समांतर, उभी, थरांना छेदून जाईल अशी त्याने सुरी धरली. हाताला हे पटत नव्हतं. बापाने शिकवलेला हात होता तो.

टोचलं.

गोळा टचकन उकलला. दोन्ही फाकांची तोंडं चमकत होती, जणू आतून आरसे लावले होते. अभ्रकाची चकती न् चकती सपाट, शेजारणीच्या खांद्याला खांदा लावून, सगळ्याजणी फळकुटांकडे तोंड करून उभ्या. आणि मधोमध हळदीची गोळी. ती गोळी राहिलीच नव्हती. पिवळं पातळ पान झालं होतं, त्याच अंगाला उभं.

“अगं बाई,” सयाबाई म्हणाली. एवढंच. हे तिच्या बाबतीत फार झालं.

बाबांनी विचारलं, “मळताना चकत्या कशा होत्या?”

“कशाही. पसरल्या होत्या.”

“मग उभ्या कुणी केल्या?”

“मी… दाबलं जी.”

“उभ्या राहा म्हणून सांगितलंस?”

“नाही जी.”

“मग?”

रेवाराम वाकला. त्याने राखाडी थराकडे बोट नेलं. तिथं रेतीच्या कणांत चकत्या जराशा कलल्या होत्या. काळ्या थरात पुन्हा सरळ. फाकीचं तोंड राखाडीत किंचित तिरकं जाऊन पुढे आपल्या वाटेला लागलं होतं.

पाटीच्या दगडात फिकट हिरवट ठिपके असतात, भाताच्या दाण्यासारखे लांबट. आंबेटोल्यात त्यांना ‘धान’ म्हणत आणि शोभेचे म्हणून सोडून देत. रेवारामच्या डोळ्यापुढे ते दाणे आले. हळदीचं पान आलं. तो एकदम उठला, पायात वहाण न घालता डोंगराच्या माथ्याकडे निघाला.

“ऊन आहे रे!” सयाबाई ओरडली. पण तो वळणाच्या पलीकडे गेलासुद्धा.

माथ्यावर, जिथून मोठा दगड काढला होता तिथं, कापलेल्या भिंतीवर पट्टे दिसत होते. अगदी वशिंडासारखे. डावीकडून चढत येत, माथ्यावर आडवे होत आणि पलीकडे आंबेटोल्याच्या अंगाला सरळ खाली कोसळत. रेवारामने पट्ट्यांवरून नजर काढली. आयुष्यात पहिल्यांदा काढली. ठिपके पाहू लागला.

चढावरचे ठिपके उभे. माथ्यावरचे उभे. उतारावरचे उभे.

पट्टे वळले होते. धान वळलं नव्हतं.

कापड विकणाऱ्याला हे विचारा. ताग्यावरची नक्षी कशीही लहरत जावो, कापड फाटतं ते धाग्याच्या अंगानेच. नक्षी पाहून फाडायला गेला, तो बुडाला. रेवाराम माथ्यावर उभा राहून आयुष्यभराची नक्षी आणि आयुष्यभराचा धागा वेगळे करत होता.

खाली आला तेव्हा चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“बाबा, माझा बाप खोटं शिकवून गेला?”

अवचितबाबांनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“तुझा बाप कुठं उभा होता?”

“कड्याखाली. आंबेटोल्यात.”

“तिथं पट्टे कसे?”

“उभे.”

“धान?”

“उभं…”

कड्याखाली दोन्ही एकाच अंगाला होते. बाप पट्टा पाहत होता आणि हात मात्र सगळा जन्म बरोबर जागी पडत होता. रेवारामने मोडक्या दगडाचे तुकडे गोळा केले, डोक्यावर घेतले आणि वाटेवर बसवायला गेला. सावलीची जागा खरंच राखून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी आंबेटोल्याची गाडी आली. बैलांच्या शिंगांना रंग, पुढे डफडं, मागे गावातल्या बाया-माणसांचा घोळका. गोणपाट काढलं, तेव्हा ओला दगड म्हशीच्या पाठीसारखा चकाकला.

रेवारामने दगडावरचं धान पाहत त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग कोळशाने त्याच्या माथ्यावर बरोबर मध्यावर रेघ ओढली. पाटीचा दगड नेहमी अर्ध्यावर उकलायचा. एक बाजू जाड, एक पातळ असली की चीर पातळ बाजूला पळते आणि माल गेला. एवढं बापाने शिकवलं होतं, ते इथंही खरं होतं.

पण रेघ पट्ट्यांना आडवी पडली होती.

गावातल्या जाणत्यांच्या ते लगेच ध्यानात आलं. डफडं थांबलं. सरपंच पुढे सरकले.

“रेवाराम, पट्टा तिकडं आहे ना रे! भलतीकडंच कायले लावून राहिलास?”

“ऊन लागलं काल त्याले,” सयाबाई म्हणाली. “पण तुम्ही मधात येऊ नका.”

रेवारामने रुंद पातळ छिन्नी रेघेवर ठेवली. बाबांकडे पाहिलं. बाबा लाखोळी निवडत होते. किती लाखोळी होती त्या मठात, कोण जाणे.

लाकडी मोगरीचा पहिला ठोका पडला. टण्.

छिन्नी दोन बोटं सरकवली. टण्. आणखी सरकवली. टण्. या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू, एका लयीत, जसं कुणी झोपलेल्याला जागं करावं. दगड वाजत होता, घंटेसारखा. मुका नव्हता. दुसऱ्या फेरीला आवाज बदलला. टण्‌ऐवजी टक्. पाण्याच्या ओलीतून केसाएवढी काळी रेघ उगवली आणि दगडाच्या अंगावरून खाली निघाली.

पहिला काळा पट्टा कापला. सरळ.

मग राखाडी पट्टा आला. रेघ वाकली.

गर्दीतून ‘गेला, गेला’ असा सुस्कारा आला. रेवारामचा हात हवेत थांबला. सगळा जन्म त्या हातात गोळा झाला होता. कालचा चिखल आठवला, कललेल्या चकत्या आठवल्या. छिन्नी काढून घेतली तर चीर तिथंच मरेल. त्याने घेतली नाही. तितकाच ठोका दिला, ना जास्त, ना कमी.

रेघ राखाडीतून तिरकी गेली. काळ्यात आली. सरळ झाली.

मग मोगरीची गरजच उरली नाही. कुर्र असा एक लांब आवाज झाला, नवं धोतर फाडल्यासारखा, आणि रेघ आपली आपणच पट्ट्यामागून पट्टा कापत धावत जमिनीपर्यंत गेली. दगड क्षणभर तसाच उभा राहिला. रेवारामने दोन्ही पंजे चिरेत घातले आणि दार उघडावं तसा तो उघडला.

घोळका पुढे झुकला.

आतलं तोंड जगात पहिल्यांदाच ऊन बघत होतं. रेशमासारखं. एक टवका नाही, एक चरा नाही. राखाडीत हात फिरवला तर जाणवेल एवढीच लाट. घासून सहज गेली असती. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, ते आडवे आलेले पट्टे काळ्यावर राखाडी, समांतर, सरळ रेघा होऊन पडले होते.

सरपंचांना आधी कळलं. त्यांचा आवाज फुटला.

“अरे… ओळी आखल्या आहेत! फळ्यावर ओळी आखून आल्या आहेत!”

मग डफडं असं काही वाजलं की मठाच्या छपरावरची कबुतरं उठून बांध्यांवर फिरू लागली. बायांनी फळ्याला कुंकू लावलं. रेवारामने प्रत्येक फाक आणखी एकदा अर्धी केली, पुन्हा एकदा अर्धी केली, आणि प्रत्येक वेळी दगड असा उकलत गेला की जणू वाटच पाहत होता. एक फळा मागायला आलेल्या गावाला आता शेजारच्या गावांच्या शाळांनाही पुरतील एवढे फळे दिसत होते. कुणीतरी रेवारामला खांद्यावर उचललं. तो हसत होता, रडत होता, बापाचं नाव घेत होता.

“आणा!” तो वरून ओरडला. “आता कोणताही दगड आणा! कोणत्याही डोंगराचा!”

“उतरवा रे त्याले,” सयाबाई म्हणाली. “छपराले लागेल डोकं.”

फळे गवतात गुंडाळून गाडीवर चढले. निघायची वेळ झाली. रेवाराम पायरीपाशी आला. बोल खरा झाला होता, तरी छिन्नी बाबांच्या पायाशी ठेवली. बाबांनी ती उचलून परत त्याच्या हातात दिली.

“घोंगडी दे याले,” त्यांनी सयाबाईला सांगितलं.

रेवारामने मान खाली घातली.

“बाबा, एक राहिलं जी. डोक्यावर हात ठेवा.”

अवचितबाबा उठले. त्यांनी हात डोक्यावर ठेवला नाही. दोन्ही तळवे फळकुटांसारखे रेवारामच्या दोन्ही कानशिलांवर टेकवले… आणि दाबले. म्हातारे हात, पण लाखोळी निवडणाऱ्याचे वाटेनात. रेवारामच्या डोळ्यांत पाणी आलं. डफडेवाले बघत राहिले. बाबांनी सोडलं नाही.

“बाबा… हा कोणता आशीर्वाद?”

बाबा मनापासून हसले.

“पाहू आता… तू कोणीकडं वळतोस.”